आठशे वॅटची ऊब

मेणाची तिसरी पट्टी हातात कटकन मोडली तेव्हा बाईंनी सुरी टेबलावर आपटली आणि खोलीत कोणी नसताना मोठ्याने म्हणाल्या, “बास झालं आता!”

कोणी नसताना म्हणजे माणूस नसताना. समोरच्या फळ्यांवर पंचवीस-तीस जबडे ओळीने मांडलेले होतेच. सगळे प्लास्टरचे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी डकवलेली. बाई कवळ्या करायच्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, बाई त्यात प्लास्टर ओतून जबडा करायच्या, त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायच्या. ही मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायला डॉक्टरकडे जायची. तिला ट्रायल म्हणत. ट्रायल पसंत पडली की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक यायचं आणि कवळी पक्की व्हायची. बावीस वर्षं हेच काम. गल्लीत सगळे त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं बाईंना कधी वाटलं नाही.

वाईट होती ती थंडी. बाईंची खोली मूळची स्कूटर ठेवायची. आठ बाय सात, खाली सिमेंट, वर पत्रा, खिडकी नेमकी ऊन न येणाऱ्या बाजूला. उन्हाळ्यात तिथे मेण वितळायचं आणि थंडीत काचेसारखं तडकायचं. या वर्षी तर थंडीने कहर केला होता. बाई दोन स्वेटर, दोन मोजे आणि बोटं कापलेले हातमोजे घालून बसायच्या, तरी दुपारपर्यंत बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वागायची. त्या महिन्यात दोन ट्रायल डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तडकल्या होत्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचा फोन आला.

“बाई, रागावू नका, पण पेशंटच्या तोंडात मेणाचे तुकडे पडले. तो मला विचारतोय, हे गिळायचं की थुंकायचं?”

बाईंना हसू आलं नाही. डॉक्टरांनाही आलं नव्हतं.

“आता नीट ऐका,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या आईची कवळी करायची आहे. मोठ्या लॅबने दोन करून दिल्या. दोन्ही डब्यात पडल्यात. घालत नाही आणि का घालत नाही तेही सांगत नाही. ही तिसरी तुमच्याकडे देतोय. आईने घातली तर आपलं पूर्वीसारखं चालू राहील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळं काम मोठ्या लॅबला. मलाही पेशंटला तोंड दाखवायचं असतं.”

बाईंकडे येणाऱ्या चार कवळ्यांतल्या तीन याच डॉक्टरांच्या. त्या गेल्या की खोली गेली, इतकं ते सरळ होतं. शेजारच्याने नवी गाडी घेतल्यापासून त्याचा या खोलीवर डोळा होता. त्याने बाईंच्या नवऱ्याला पाच वेळा विचारलं होतं, आणि नवरा प्रत्येक वेळी “नाही” म्हणायचं सोडून “विचारून सांगतो” म्हणाला होता. ते “विचारून सांगतो” बाईंच्या मनात घट्ट बसलं होतं.

म्हणून हीटर. महाग परवडणारा नव्हता आणि स्वस्त घ्यायचा तर नवऱ्याला बरोबर न्यावं लागणार होतं, कारण नवरा वीज खात्यातून निवृत्त झालेला मीटर रीडर. सदतीस वर्षं त्याने लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचले होते. त्याला सगळे मीटरसाहेब म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर वाचायला एकच मीटर उरल्यामुळे तो दिवसातून सहा वेळा वाचला जायचा. घरात कोणी बटण दाबलं की आतून आवाज यायचा, “साठ!” किंवा “साडेसातशे!” इस्त्री लावली की तो उठून बाहेर यायचा.

“हीटर कशाला?” तो म्हणाला. “टेबल आत आण. जेवायच्या टेबलाशेजारी मांड. घर गरमच असतं.”

मागच्या वर्षी बाईंनी तेही करून पाहिलं होतं. पाच दिवस. पाच दिवसांत साखरेच्या डब्यात प्लास्टर सापडलं, आणि मीटरसाहेबांनी समोर खुर्ची टाकून प्रत्येक दातावर मत दिलं. सहाव्या दिवशी बाईंनी टेबल उचलून परत खोलीत नेलं, एकटीने.

“टेबल आत येणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही चपला घाला.”

दुकानात हीटरवाल्याने खोली विचारली. बाईंनी सांगितली.

“मग हा घ्या. दोन हजार वॅट. पाच मिनिटांत खोली गरम.”

मीटरसाहेबांनी छातीवर हात ठेवला. “दोन हजार! अहो, त्या खोलीला घरातून ओढलेली वायर आहे, करंगळीएवढी पण नाही. त्यावर हिची घासायची मोटर, पाणी उकळायचं भांडं, ट्यूबलाइट. हजाराच्या वर एक वॅट गेला तर फ्यूज उडेल. उडेलच.”

“मग तेलाचा घ्या,” दुकानदार म्हणाला. “बंद असतो, आवाज नाही, लाल होत नाही. हजाराचाही येतो.” आणि त्याने एक जाडजूड पांढरी वस्तू चाकांवर ढकलत आणली. बाईंना ती बघताक्षणी आवडली. मग त्यांनी किमतीची चिठ्ठी उलटली. ती वाचून त्यांना अंगभर घाम फुटला, म्हणजे तेवढ्या वेळापुरती हीटरची गरजच राहिली नाही.

शेवटी घेतला तो पंख्याचा, हजार वॅटचा, उचलून बगलेत मावेल एवढा. स्वस्त होता आणि मीटरसाहेबांच्या मर्यादेत बसत होता. बाईंनी घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. गरम वारा आला. छान वाटलं. दुसऱ्याच क्षणी तो वारा गुलाबी पावडरच्या उघड्या डब्यावरून गेला.

पक्क्या कवळीची हिरडी ज्या पावडरची होते ती मैद्याहून बारीक असते. बाई “अगं बाई” म्हणून बटण शोधेपर्यंत टेबल, भिंत, फळ्यांवरचे जबडे आणि खुद्द बाई गुलाबी झाल्या होत्या. त्यावर प्लास्टरची धूळ येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तो हीटर परत घेऊन गेल्या तेव्हा दुकानदाराने जाळीत बोट घालून पाहिलं.

“हे गुलाबी काय आहे?”

“हिरड्या,” बाई म्हणाल्या.

दुकानदाराने बोट पुसलं. पैसे परत मिळणार नव्हते, बदलून दुसरी वस्तू मिळणार होती. बाईंनी विचार करायला दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत मीटरसाहेबांनी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावरून उघड्या तारेचा हीटर फुकट आणला. फुकट म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला होता. बाईंनी तो दारातूनच परत पाठवला. कवळीच्या प्लास्टिकसाठी जो द्रव लागतो त्याची नुसती वाफही पेट घेते. मेणकामाचा स्पिरिटचा दिवा पेटवायच्या आधी बाई ती बाटली बाहेर पत्र्याच्या पेटीत बंद करून यायच्या, बावीस वर्षांत एकदाही न चुकता. “दिवा मी फुंकून विझवते,” त्या म्हणाल्या, “ही तार फुंकून विझणार आहे का?” मीटरसाहेब म्हणाले की फुकट वस्तूत एवढी खोट काढायची नसते. बाई म्हणाल्या, मग मला जाळायलाही खर्च येणार नाही. मीटरसाहेब हीटर घेऊन निघून गेले.

त्याच दुपारी खोलीच्या दारात डॉक्टरांची आई येऊन उभी राहिली. ठसा आदल्या दिवशीच आला होता, त्यामुळे त्यांचं येण्याचं काही कारण नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, किडकिडीत, लांब कोट घातलेल्या.

“दात कोण करतंय ते बघायला आले,” त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचा हात तोंडापुढे होता.

बाईंनी स्टूल पुसून दिलं. म्हाताऱ्या बाईंनी फळ्यांवरचे जबडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले.

“मावशी, तुमचा एखादा जुना फोटो आहे का? दात दिसतील असा?” बाईंनी विचारलं. त्या नेहमीच विचारायच्या, काम सोपं जायचं.

“फोटोत मी कधी तोंड उघडलं नाही.”

“बरं. आधीच्या दोन कवळ्या का आवडल्या नाहीत? लागत होत्या?”

“नाही. चांगल्या होत्या.”

“मग सैल होत्या?”

“नाही हो. चांगल्या होत्या. फार चांगल्या होत्या.”

बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सरळ, एकसारखे, पांढरे’. मोठ्या लॅबनेही हेच केलं असणार. आता ही बाई घालणार नसेल, का घालणार नाही ते सांगणार नसेल, आणि खोली मात्र जाणार ती आपली. एवढा राग आला की थंडीसुद्धा थोडी कमी वाटली.

म्हाताऱ्या बाई उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. “पाय गारठत असतील तुमचे.”

“सवय आहे,” बाई तुटकपणे म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंख्याच्या बदल्यात नळ्यांचा हीटर आणला. दोन काचेच्या नळ्या, प्रत्येकी चारशे वॅट, पुढे जाळी, आडवा पडला की आपोआप बंद होणारा. वारा नाही, उघडी तार नाही, वरचे पैसे भरले ते जिवावर येण्याइतके नव्हते. द्रवाची बाटली बाहेर असेल तेव्हाच लावायचा असं बाईंनी ठरवून टाकलं. मीटरसाहेबांनी तो उलटा करून, मागचं लेबल चष्मा लावून वाचून, मगच संमती दिली.

“एक नळी लावायची. चारशे. दुसरीला हात लावायचा नाही. आणि पायांकडे ठेव.”

“टेबलाकडे ठेवणार. काम टेबलावर आहे.”

“अगं, माणूस पायांतून गार होतो.”

“मी पायांनी दात बसवत नाही!” बाई ओरडल्या.

मीटरसाहेबांनी खांदे उडवले आणि घरातून एक थर्मामीटर आणून मागच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. त्या दिवसापासून ते दर तासाला दार किलकिलं करायचे, मान आत घालून वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे. “बारा.” तासाभराने, “तेरा.” मग दार लागायचं, म्हणजे पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची आणि सगळी थंडी तिथून आत यायची. बाई उठून दार लावायच्या. असं दिवसातून आठ वेळा.

पण मेण ऐकायला लागलं. हे मान्य करावंच लागेल. बाईंनी हीटर एका रिकाम्या खोक्यावर चढवून टेबलासमोर उभा केला, हातभर अंतरावर, आणि मेण पूर्वीसारखं सुरीखाली वळू लागलं. डॉक्टरांच्या आईचे दोन जबडे त्यांनी पितळी सांध्यावर बसवले. तो सांधा खऱ्या जबड्यासारखा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे वरचे-खालचे दात नीट जुळतात की नाही ते कळतं. दोन दिवसांत त्यांनी अठ्ठावीस दात बसवले. सरळ, एकसारखे, पांढरे. मागचे जुळले, पुढचे रेषेत आले. असे दात बाईंनी वर्षात बसवले नव्हते. ट्रायल शुक्रवारी होती आणि गुरुवारी सकाळीच कवळी तयार होती.

मग गुरुवारी दुपारी फोन वाजला. “बाई, आई आज दवाखान्यात यायला तयार झालीय,” डॉक्टर म्हणाले. “उद्याचं काही सांगता येत नाही. माणूस पाठवतोय, तासाभरात द्या.”

तयारच होती, द्यायला हरकत नव्हती. पण बाईंच्या डोक्यात त्या दोन तडकलेल्या ट्रायल ठाण मांडून बसल्या होत्या. गार मेण तडकतं. तासभर ती कवळी गार टेबलावर ठेवायची आणि मग गार रस्त्याने पाठवायची? त्यांनी सांधा हीटरसमोर सरकवला, पुढचे दात हीटरकडे करून. आणि नवरा आत आहे याची खात्री करून दुसरी नळीही लावली.

पाच मिनिटांत घरातून हाक आली. “अगं, इकडे ये आधी! लवकर!”

बाई धावल्या. वाटलं, पडले की काय. मीटरसाहेब जिन्याखाली मीटरसमोर उकिडवे बसले होते.

“बघ. चकती बघ कशी फिरतेय. काय लावलंयस तू?”

बाईंनी दातओठ खाल्ले. मग जे सुरू झालं ते चाळीस मिनिटं चाललं. मीटरसाहेबांनी घड्याळ लावून चकतीचे फेरे मोजले, त्यावरून वॅट काढले, त्यांत ट्यूबलाइट वजा केली आणि शेवटी जाहीर केलं की दुसरी नळी चालू आहे. बाई म्हणाल्या, चालू आहे, मीच लावलीय, विचारलं असतंत तर दोन शब्दांत सांगितलं असतं. मग वायरच्या जाडीवर बोलणं गेलं, तिथून बाईंच्या एकूण स्वभावावर, तिथून शेजाऱ्यावर. तेवढ्यात बाहेर डॉक्टरांच्या माणसाने हॉर्न वाजवला, आणि वाजवतच राहिला.

बाई धावत खोलीत गेल्या. आधी भिंतीवर नजर टाकली. चौदा. चौदात मेणाला काय होतंय? सुरीच्या मुठीने सांधा दाबून मिटला आणि मागचे दात जुळतात एवढं पाहिलं. मेण सुरेख चमकत होतं. कवळी ओल्या कापसात गुंडाळली, डबा बंद केला, माणसाच्या हातात दिला. हॉर्न थांबला.

मग त्या आत आल्या आणि टेबल आवरायला पितळी सांधा उचलला. हात भाजला.

बाई तशाच उभ्या राहिल्या. भिंतीवर चौदा आणि सांध्याला हात लावता येत नाही. या नळ्यांचा हीटर खोली गरम करत नव्हता, पुढ्यात येईल ती वस्तू गरम करत होता, आणि पुढ्यात होती ती कवळी. थर्मामीटर पाठीमागे, थंड भिंतीवर. मेण चमकत होतं ते सुरेख झालं म्हणून नाही, मऊ झालं म्हणून. पुढचे दात कुठे असतील आता, कुणास ठाऊक!

“स्कूटर काढा,” त्यांनी घरात शिरत सांगितलं.

मीटरसाहेबांनी आयुष्यात कधी ताशी पंचवीसच्या वर स्कूटर चालवली नव्हती. त्या दिवशीही चालवली नाही. प्रत्येक वळणावर ते हात दाखवत होते, मागे-पुढे कोणी नसलं तरी. बाई मागे बसून कळवळत होत्या. दोन गल्ल्या गेल्यावर पुढून आवाज आला, “म्हणून म्हटलं होतं, पायांकडे ठेव.” त्या क्षणी बाईंनी तोंड उघडलं असतं तर पुढचा संसार कठीण झाला असता.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा कवळी तोंडात गेलेली होती. डॉक्टरांची आई खुर्चीत आडवी, हातात छोटा आरसा. डॉक्टर वाकून बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

“या बाई, बरं झालं आलात. हे काय आहे? हा वरचा, डावीकडचा दात बघा. फिरलाय. शेजारच्यावर चढून बसलाय. सरळ लिहिलं होतं ना मी?”

बाईंनी पाहिलं. सत्तावीस दात जिथल्या तिथे होते आणि एक, मधल्या दोन दातांना लागून असलेला, तिरका होऊन पुढे झुकला होता.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. धाप लागली होती. “हीटर जवळ होता. मेण मऊ झालं आणि दात सरकला. तुम्ही आत्ता काढून द्या, मी रात्रीत सरळ करून उद्या सकाळी आणून देते. पैसे घेणार नाही.” खोली गेली, हे त्यांनी मनात धरूनच टाकलं होतं.

“आई, काढ ते,” डॉक्टर म्हणाले.

आईने काढली नाही. ती आरशात बघत होती. एका हातात आरसा होता आणि दुसरा हात खुर्चीच्या दांडीवर होता. बाईंच्या लक्षात आलं की तो हात आज तोंडापुढे नव्हता.

“हा असाच होता,” म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

“काय असाच होता?”

“हा दात. डावीकडचा. असाच चढलेला होता. लग्नाच्या आधीपासून.”

डॉक्टर सरळ उभे राहिले. “तू कधी बोलली नाहीस. दोन वेळा कवळी केली, दोन्ही वेळा बोलली नाहीस.”

“तू विचारलंस कुठे? तू माप घेतलंस.” त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. “फोटोत लाज वाटायची याची. पण तुझे बाबा म्हणायचे, तू हसायच्या आधी तो एक दात बाहेर येऊन बघून जातो. ते सरळ दात घालून आरशात पाहिलं की वाटायचं, त्यांनी मला ओळखलंच नसतं.”

आणि त्या हसल्या. आधी तो दात दिसला, मग बाकीचे. डॉक्टर आईकडे बघत असतानाच त्यांच्या हातातला चिमटा खाली ट्रेमध्ये पडून वाजला, आणि तेच दचकले. आईचं हे हसणं त्यांनी लहानपणी रोज पाहिलं असणार. नंतर विसरले असणार, आणि विसरलो हेही त्यांना कळलं नसणार. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, हा दात असाच पक्का करा.”

“अहो, पण ती चूक आहे!”

“असू दे.”

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही, आणि त्या बाजूच्या बाकावर टेकल्या. खोली राहिली होती. पण त्याबरोबर चिडचिडही झालीच. सत्तावीस दात आपण घाम गाळून, म्हणजे थंडीत गारठून, बसवले आणि म्हाताऱ्या बाईंना पसंत पडला तो एक, जो आपण बसवलाच नव्हता! बावीस वर्षांच्या हाताला एका आठशे वॅटच्या हीटरने मागे टाकलं होतं.

निघताना म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा हात धरला. “हात तर गरम आहेत तुमचे,” त्या म्हणाल्या, आणि मग खाली पाहिलं. बाई घाईत घरातल्या चपलांवरच आल्या होत्या. मोजेही नव्हते, सकाळी प्लास्टर सांडून भिजले म्हणून काढलेले होते. बोटं जांभळी पडली होती. “आणि पाय?”

परत येताना स्कूटरवर बाई त्या पायांचाच विचार करत होत्या. बावीस वर्षांत त्या खोलीत डॉक्टरांची माणसं आली, पेशंट आले, मेण आणि प्लास्टर विकणारे आले. प्रत्येकाने विचारलं ते कवळी कधी होणार हे. पाय गारठत असतील, हे एका परक्या म्हाताऱ्या बाईने विचारलं. आणि तिच्यानंतर दुसऱ्याच दिवशी एका माणसाने म्हटलं होतं, पायांकडे ठेव. त्या माणसावर आपण ओरडलो होतो. तो आत्ता पुढे बसून मोकळ्या रस्त्यावर वळायचा हात दाखवत होता.

घराजवळ शेजारी गाडी पुसत उभा होता. त्याने तोंड उघडायच्या आधीच मीटरसाहेब म्हणाले, “ती खोली मोकळी नाही. होणारही नाही.” आणि स्कूटर आत घेतली.

बाईंनी त्याच संध्याकाळी खोक्यावरचा हीटर खाली जमिनीवर उतरवला, टेबलाखाली, आणि एक नळी लावली. खुर्चीत बसून दोन्ही पाय पुढे केले. सुरुवातीला काही कळलंच नाही, इतके बधिर झाले होते. मग आतून झिणझिण्या आल्या, मग हळूहळू पाय स्वतःचे वाटायला लागले. मेणाची पट्टी हातात घेऊन त्या तशाच बसून राहिल्या.

दार किलकिलं झालं. मीटरसाहेबांनी मान आत घातली, भिंतीकडे पाहिलं, आणि आकडा सांगायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. ते आत आले, दार मागे पूर्ण लावलं, गुडघे धरत, कुरकुरत, मीटरसमोर बसायचे तसे उकिडवे बसले आणि तळहात बाईंच्या पावलांवर ठेवला. आकडा काही त्यांना सांगता आला नाही.

“अजून गारच आहेत,” ते म्हणाले. “दुसरी नळी पण लाव.”